काळ्या घड्याळाचा उजवा कोपरा

बाई, तुमच्या पुढच्या खोलीतलं काळं घड्याळ माझ्या टेबलावर उघडं पडलंय. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली आणि आता तुम्हाला लिहून काही उपयोग नाही, हे मला कळतं. पण दोन दिवस मी दुसऱ्या एकाही घड्याळाला हात लावलेला नाही. म्हणून लिहितेय.

सोमवारी तुमचा भाचा ते रिक्षातून घेऊन आला, उत्तनजवळच्या डोंगरीहून थेट भाईंदरला, चादरीत गुंडाळून मांडीवर धरून. तुमचं घर विकून तो मीरा रोडला टॉवरमध्ये राहायला जातोय. भाईंदरला एक बाई जुनी घड्याळं ओळखतात, दुरुस्त करतात, माहितीचा कागद लिहून देतात, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. त्याने मला ओळखलं नाही. मी चादर सोडली आणि घड्याळ मात्र लगेच ओळखलं. "मॅडम, फ्रेंच आहे. आत्या म्हणायची, फ्रान्सच्या राजाच्या वेळचं आहे. किती जुनं ते कन्फर्म करून द्या, म्हणजे घेणाऱ्याला दाखवता येईल." मग खालच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाला, "हा डॅमेज जुना आहे. उत्तनच्या एका कोळ्याच्या पोरीनं फोडलेलं. आत्या शेवटपर्यंत सांगायची." ती पोरगी मीच, हे सांगायला माझं तोंड उघडलं नाही. शेवटपर्यंत सांगत होतात, बाई?

मी चौथीत होते. स्कॉलरशिपच्या अभ्यासाला दुपारी तुमच्याकडे यायचे, अंगाला सुक्या बोंबलांचा वास घेऊन. तुम्ही मला दाराजवळच्या चटईवर बसवायचात, पण शिकवताना कधी हात आखडता घेतला नाहीत. त्या दिवशी तुम्ही आत चहा टाकताय. मी गणित सोडवून उठते, घड्याळाजवळ जाते आणि दगडाला कान लावते. आतली टिकटिक ऐकायची, एवढंच. गाल टेकतो न टेकतो तोच कोपऱ्याचा तुकडा माझ्या हातात येतो. कसलाही आवाज झाला नाही, हे मला आजही आठवतं. तुम्ही बाहेर आलात, कप खाली ठेवलात आणि म्हणालात, "मोडलंस ना? मोडायला अक्कल लागत नाही. जोडता येईल का तुला?" मी म्हटलं, "मी नुसता कान लावला बाई." तुम्ही म्हणालात, "मग काय मी खोटं बोलतेय?"

संध्याकाळी आईला बोलावणं गेलं. ती माशाची पाटी दारात उतरवून उभी राहिली. "माजी पोर खोटं बोलत न्हाय," एवढंच म्हणाली. मग तिने माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि हात जोडले. दुसऱ्या दिवशी ती एक मोठा सरंगा घेऊन तुमच्याकडे आली. तुम्ही तो घेतलात.

त्यानंतर तुम्ही मला आधीपेक्षा जास्त शिकवलंत. दहावी झाले तेव्हा शब्दकोश दिलात, पहिल्या पानावर माझं नाव तुमच्या रेखीव अक्षरात. तुम्ही मला माफ केलंत, असं मला वाटलं. "जोडता येईल का तुला" हे मात्र डोक्यातून गेलं नाही. फोर्टातल्या एका म्हाताऱ्या घड्याळजींकडे मी शिकायला गेले. बाईमाणूस म्हणून त्यांनी दोनदा परत पाठवलं, तिसऱ्यांदा स्टूल दिलं. तीस वर्षं झाली. या तीस वर्षांत माझ्याकडे आलेल्या प्रत्येक घड्याळाला पहिला हात लावताना मला भीती वाटायची, आणि ती भीती मला रास्त वाटायची.

तर, बाई, तुमचं घड्याळ. फ्रेंच खरंच आहे. मागच्या पितळी पत्र्यावर कारखान्याचा गोल शिक्का आहे, खाली नंबर आहे, आणि तोच नंबर लंबकावरही आहे, म्हणजे लंबक मूळचाच. पण राजाच्या काळातलं नाही. तबकडीवर बाराच्या वर बारीक चौकोनी खुंटी आहे, तिने पुढूनच घड्याळाची गती कमी-जास्त करता येते. ती सोय बरीच नंतर आली. ठोके घंटीवर पडत नाहीत, तारेच्या वेटोळ्यावर पडतात. तेही उशिराचं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडचं म्हणायचं. काळा संगमरवर म्हणून तुम्ही जो पुसायचात, तो घासून चकचकीत केलेला पाटीचा दगड आहे. इथवर मी मजेत होते. तुमची एक चूक सापडली म्हणून जरा हसलेसुद्धा.

मग कोपरा बघायला घेतला. माझ्यानंतर कुणीतरी पिवळट गोंदाने चिकटवलेला होता. गोंद मऊ करून तुकडा काढला, तर त्याखाली दुसरा थर. काळी लाख, वाळून भुगा झालेली. पहिल्यांदा तुटलेल्या दगडावर आधीची लाख कशी असेल? मी दिवा जवळ ओढला. दोन्ही बाजूंना लाख होती. मग यंत्र बाहेर काढलं आणि रिकाम्या पोटात बॅटरी मारली. आतल्या भिंतीला एक कागद चिकटवलेला. दुरुस्ती करणारे अशी नोंद कधीकधी ठेवतात. पेन्सिलीने लिहिलेलं: "डोंगरीच्या बाई. हातून पडले. कोपरा लाखेने बसवला. धक्का लावू नये." खाली तारीख. त्या तारखेला मी दुसरीत होते, बाई. डोंगरीत तुमचं घर कुठे आहे, तेही मला माहीत नव्हतं.

मी ते चार-पाच वेळा वाचलं. मग स्टुलावरून उठले आणि कशासाठी उठले ते आठवेना.

आता त्या दुपारचं आणखी एक आठवतंय, जे इतकी वर्षं आठवलं नव्हतं. तुमचे भाऊ खिडकीपाशी आरामखुर्चीत बसले होते. घर त्यांचं, घड्याळ त्यांचं. तुम्ही नवरा गेल्यावर तिथे राहायला आलेल्या. "मोडलंस ना" म्हणताना तुम्ही माझ्याकडे बघत नव्हतात, त्यांच्याकडे बघत होतात. दोन वर्षं तुम्ही ते लपवलं असणार, रोज स्वतःच्या हाताने पुसत. तुमची भीती मला कळते. पण मी नऊ वर्षांची होते. आणि भाऊ गेल्यावर? तेव्हा कुणाला घाबरत होतात?

काल उत्तनला गेले. आई आता फार हिंडत-फिरत नाही, ओट्यावर बसून असते. घड्याळातून सोडवून आणलेली चिठ्ठी मी तिला वाचून दाखवली. ती म्हणाली, "मना ठाव हाय ते."

"काय ठाव हाय?"

"तू मोडलं न्हाय ते. तू सांगितलंस ना तवा."

"मग हात का जोडलेस गं?"

"शिकवायचं बंद केलं असतं त्यांनी," ती म्हणाली आणि विचारलं, जेवून जाशील ना?

मी जेवले.

परत येताना ठरवलं होतं, भाच्याला सगळं सांगायचं, चिठ्ठी माहितीच्या कागदासोबत लावायची. आज सकाळी कागद लिहिला. "खालचा उजवा कोपरा पूर्वी तुटलेला, दोनदा चिकटवलेला. कारण माहीत नाही." सही केली. चिठ्ठी माझ्या खणात आहे. तुमची अब्रू राखली असं समजू नका. माझ्या हातून काही मोडलंच नव्हतं, असं एकदा लिहून दिलं, की मी ही सगळी घड्याळं कशासाठी जोडत आले हे मलाच स्वतःला विचारावं लागेल. ते विचारायला मी घाबरले, बाई.