वजनाच्या दिवशी नमस्कार बंद

४ मे, शनिवार
बाळांच्या वजनाचा दिवस. मलावीतल्या या गावात दोन वर्षं सेवा करते आहे, तरी रांगेला शिस्त नाही. प्रत्येक बाई काट्याशी येऊन गुडघे टेकते आणि इथला नमस्कार सुरू करते. कशा उठलात? मी बरी उठले, तुम्ही? मुलं कशी उठली? शेळ्या? तोवर मागची बाळं रडून लाल. तीस वर्षं शाळेत वर्ग सांभाळले, हे काय अवघड आहे! पुढच्या वेळेपासून नमस्कार बंद. नाव, बाळ, काटा, पुढचं.

११ मे
पूर्ण यश. दुपारच्या आत रांग संपली. शेजारीण फानेसी नातीला घेऊन आली होती. ती कशा उठलात म्हणेपर्यंत मी नात काट्याला टांगलीसुद्धा. वजन फारच कमी. दर शनिवारी आणायची, शेंगदाण्याच्या पेस्टची पाकिटं न्यायची, असं सगळ्यांदेखत खडसावून सांगितलं. फानेसीने मान खाली घातली. मन लावून ऐकत असावी.

१२ मे, सकाळ
फानेसी दारात. हातात जिवंत कोंबडी. गुडघे टेकून, दोन्ही हातांनी दिली. शिस्तीची कदर करणारं एक तरी माणूस निघालं! थँक यू म्हणून दार लावलं. ती तशीच थोडा वेळ अंगणात बसून होती. का, कोण जाणे. मी पडले शाकाहारी. संध्याकाळी कोंबडी दवाखान्यातल्या काचालेला देऊन टाकली. प्रश्न मिटला.

१८ मे
फानेसी आली नाही. एवढं बजावूनही! पोरीची काही पर्वा नाही. बाकीच्याही निम्म्याच आल्या. इकडे मे महिन्यातच थंडी सुरू होते, म्हणून असेल.

२५ मे
आजही नाही. काचालेकडे तक्रार केली. तो हसतच सुटला. म्हणाला, आजी, फानेसीवर रुसलात तुम्ही आणि वर मलाच विचारता? मी कशाला रुसू? तर म्हणे, चारचौघांत तिला कशी उठलीस एवढंही विचारलं नाहीत. बिचारीला वाटलं, आपल्या हातून काहीतरी घडलं. माफी मागायला कोंबडी आणली, ती तुम्ही माझ्या पातेल्यात घातलीत. आता काय तिने हत्ती आणायचा?
हे त्याने कोंबडी घेताना का नाही सांगितलं? तंगडी चघळताना बरा गप्प होता. चूक त्याची आहे.

२६ मे
चूक माझी नाहीच. चहा घेऊन मात्र सहज बाहेर गेले. कुंपणापलीकडे नात रडत होती. आवाज बारीक झालाय की मलाच तसं वाटतंय? फानेसी अंगण झाडत होती. मला पाहून झाडू टाकून आत गेली.

२७ मे
बाजारातून कोंबडी आणली. घरभर घाण. उद्या कोंबडी द्यायची, दोन शब्द बोलायचे, पाकिटं ठेवायची, लगेच परत. फार ताणायचं नाही.

२८ मे
गेले. गुडघे टेकले, दोन्ही हातांनी कोंबडी दिली. कशा उठलात, विचारलं. नातीचं विचारलं. शेळ्यांचंही विचारलं, एकेकीचं. फानेसीने सगळ्यांची खुशाली सावकाश सांगितली. मग माझे गुडघे बघून म्हणाली, आमचं सगळ्यांचं उठणं झालं हो आजी, आता तुमचं कसं करायचं? तिने आणि तिच्या सुनेने दोन बाजूंनी धरून मला उभी केली. दोघी हसत होत्या. मी पाकिटं काढली. फानेसी म्हणाली, आधी जेवण.
कोंबडी बांधायला मागे नेली असं मला वाटलं होतं.
न्सिमाचा, म्हणजे मक्याच्या शिजवलेल्या पिठाचा गोळा, रस्सा, आणि माझ्या ताटात कोंबडीच्या पोटातला कसलासा कडक तुकडा. हा घरधन्याचा मान, आज तुमचा, म्हणाली. सगळं घर माझ्याकडे बघत होतं. नात तिच्या मांडीवर स्वतःचं मनगट चोखत होती. एकदा दार लावून काय झालं ते आठवलं.
खाल्लं. नाइलाज होता. बाळासाठी. मग फानेसीने पाकिटं घेतली, शनिवारी नातीला आणते म्हणाली.
आणखी वाढू का, असं विचारलं तेव्हा बाळ झोपलं होतं. ताट मीच पुढे केलं.