चेअरमनच्या खुर्चीवरचा पत्रा

शाहूपुरी, कोल्हापूर

तीर्थस्वरूप बाळासोमामांना भाचा जोतीरामचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून आडवा मनातल्या मनात झालो.) तुमचा गुडघा, मामींचा दमा आणि दोन्ही म्हशी बऱ्या असतील अशी आशा करतो. गेल्या पावसाळ्यापासून तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र. पत्र कापता येत नाही.

वीस वर्षं लोकांच्या गोठ्यांवर पत्रे बसवल्यावर यंदा सरकारी टेंडर भरायचं ठरवलं. राधानगरीकडच्या एका शाळेचं छप्पर आहे. (मिळालं तर दारावर ‘शासकीय ठेकेदार’ अशी पाटी लावायची माझी फार इच्छा आहे, हसू नका.) डिजिटल सही लागते म्हटल्यावर मी इस्त्रीचा शर्ट घालून, शाईचा पेन घेऊन सही देणाऱ्या ऑफिसात गेलो. तिथल्या माणसानं “सही ह्यातच हाय” म्हणत बोटाएवढा पेनड्राइव्ह हातात ठेवला. तुमच्या भाचेसुनेनं तो मौल्यवान म्हणून दागिन्यांच्या डबीत ठेवला, डबी बँकेच्या लॉकरात ठेवली आणि बँकेला लागून आली तीन दिवस सुट्टी.

टेंडरच्या ऑफिसातल्या बाई मात्र भल्या. लहान माणसानं लहान काम धरावं, कागद पुरे ठेवावेत आणि सोसेल तोच दर भरावा, असं त्यांनी समजावलं. सगळं जमलं. मग त्यांनी विचारलं, “पावणं, अनुभवाचा दाखला कुठं हाय?” अनुभवाशिवाय काम नाही आणि कामाशिवाय अनुभव नाही. सरकारी नसेल तर सहकारी संस्थेच्या कामाचा चालेल, एवढी सवलत मिळाली. असं काम जन्मात एकच केलंय. ते आठवलं आणि हे पत्र लिहायला बसलो.

मामींना नमस्कार, म्हशींना हात फिरवा.

तुमचाच,
जोतीराम

ता. क. ते काम म्हणजे तुमच्या दूध संस्थेचं छप्पर. चेअरमन या नात्यानं ‘छप्पर गळत नाही’ असा शिक्क्याचा दाखला शुक्रवारपर्यंत द्यावा. शनिवारी टेंडर बंद होतं.

ता. क. २. ते गळतं, आणि नेमकं तुमच्या खुर्चीवर गळतं, हे मला ठाऊक आहे. पत्रे खालून वर बसवत जायचे असतात. वरचा खालच्यावर चढला की पाणी उतरून जातं. मुहूर्ताला तुम्ही पहिला पत्रा सगळ्यात वर लावलात. मी हळूच सुचवलं, तर म्हणालात, “शुभ काम खालनं सुरू करत्यात व्हय रं? नारळ फोडून लावलेला पत्रा हलवायचा न्हाय.” मग खालचा वरच्याच्या डोक्यावर चढला. मामांपुढे माझी जीभ रेटली नाही, ही चूक माझी, आणि तिचं मला खरंच वाईट वाटतं. बुधवारी शिडी घेऊन येतो आणि तो पत्रा नीट बसवतो. मग वरून घागरी ओता, खाली तुमच्या खुर्चीत मी बसतो. कोरडा उठलो तरच सही करा.

ता. क. ३. दाखल्याला कामाचा फोटो जोडायचा आहे. माझ्याकडे एकच निघाला: फेटा बांधून तुम्ही सगळ्यात वरचा पत्रा बसवताय आणि खाली नुसता सांगाडा. टेंडर तपासणारा इंजिनिअर बघताक्षणी विचारेल, खालचे पत्रे सोडून हे आधीच वर कोण चढलंय? बुधवारी भेट झाली तर नवा फोटो काढू. तोवर फोन उचला.