रंगादादाचा निरोप समारंभ

चिंचवड,
ता. १२ नोव्हेंबर १९५७

तीर्थस्वरूप मामांच्या पायांवर भैरूचे डोके.

मामींचा खोकला आणि तुमचा राग, दोन्ही उतरले असतील अशी आशा आहे. इकडे रंगादादाचा उजवा गुडघा सोडून सगळे खुशाल.

दादा आमच्या फुटबॉल क्लबात अकरा वर्षे डावीकडचा फुलबॅक आहे, हे तुम्हांला ठाऊकच आहे. (ठाऊक नसावे. फुलबॅक म्हणजे आपल्या गोलाची राखण करणारा.) एवढ्या वर्षांत त्याने एकच गोल केला, तोही आपल्याच गोलात. पण मॅच एकही चुकवली नाही. हळदीच्या दिवशी पिवळ्या अंगाने खेळला आणि वहिनीकडचे वऱ्हाड मैदानाच्या कडेला बसवून ठेवले. मी सहा वर्षे त्याच्या जागेवरचा राखीव. राखीव म्हणजे लिंबे कापणारा.

आता दादा पळतो तेव्हा चेंडू त्याची वाट बघत थांबत नाही. पण 'पुरे करा' असे त्याला सांगणार कोण? शेवटी आमचे सेक्रेटरी भिमाजी यांनी शक्कल काढली, की निरोपाचा सत्कारच करू. दसऱ्यानंतर देवळाच्या ओसरीवर शाल, श्रीफळ, हार सगळे झाले. भिमाजींनी तासभर भाषण केले आणि 'आता विश्रांती घ्यावी' इथपर्यंत आणून सोडले. दादा उठला, डोळे पुसले आणि म्हणाला, "तुमची माया बघून इचार बदलला. आणखी पाच वर्षं तरी तुमाला सोडून जात न्हाई." लोकांनी टाळ्या वाजवल्या. भिमाजींनाही वाजवाव्या लागल्या. मीही वाजवल्या, जरा हळू.

मग देव पावला आणि गेल्या शुक्रवारी दादाचा गुडघा भोपळ्याएवढा सुजला. रविवारी देहूरोडच्या संघाशी सेमीफायनल, आणि मी दादाच्या जागी. मामा, मी बरा खेळलो. (हे कोणी सांगणार नाही म्हणून मीच लिहितो.) आम्ही दोन गोलांनी पुढे होतो. शेवटची पाच मिनिटे उरली असताना चेंडू माझ्याकडे आला. नुसता पाय लावायचा होता. तेवढ्यात रेषेबाहेरून दादा ओरडला, "भैरू, सोड." जन्मापासून त्याचे ऐकत आलो, सोडला. चेंडू सरळ गोलात गेला. तरी आम्ही जिंकलो.

पण घरी येताना गावभर एकच बोलणे, की रंगराव असता तर हा गोल झाला नसता. चहाच्या दुकानात म्हातारा गेनबा तर मला समजावत होता, "आसा गडी पुन्यांदा व्हायचा न्हाई." बाजूला दादा मान खाली घालून बशीतून चहा पीत होता. अकरा वर्षे खेळून जे नाव मिळाले नाही, ते त्याने एक दिवस न खेळता मिळवले. भिमाजी आता त्याचा फोटो ओसरीवर लावणार आहेत.

मामींना नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
भैरू

ता. क. दादा जगात फक्त तुम्हांला भितो. तेव्हा 'ताबडतोब निघून ये' अशी तार करून त्याला महिनाभर तिकडेच ठेवून घ्यावे. कारण काहीही लिहा.

ता. क. २. तार सोमवारी पोचेल अशी करावी, आधी नको. रविवारी फायनल आहे. सूज उतरली आहे आणि त्याला खेळवा म्हणून भिमाजींच्या हातापाया मीच पडून आलो. एवढ्या लोकांसमोर एकट्याने उभे राहायला मला, खरे सांगतो मामा, भीती वाटते.