पडेल भावातला बसव्या

उदगीर, सोमवार

तीर्थरूप चन्नबसप्पा अण्णांच्या सेवेसी,

महादेवीचे शरणार्थ. आम्ही इकडे बसवेश्वरांच्या कृपेने बरे आहोत. म्हणजे मी बरी आहे आणि तुमचे दाजी जसे असतात तसे आहेत. तुमच्या गुडघ्याचं ऐकलं. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय तर चालावं. ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवल्यानं गुडघा सुधारल्याचं मी तरी अजून ऐकलेलं नाही. पार्वतम्मा वहिनींना नमस्कार सांगा. त्यांनी पाठवलेलं लोणचं पोचलं. मीठ कमी होतं, पण भावना पोचली.

परवा तुम्ही फोनवर विचारलंत, नांदेडात काय गावलं म्हणून. मी सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात तुमच्या दारात भाजीवाली आली आणि तुम्ही फोन ठेवलात. म्हणून हे पत्र. पत्राला भाजीवाली आडवी येत नाही. (पाकीट कात्रीनं उघडा. वरचं तिकीट फाडलंत तर मला कळतं.)

तर नांदेडला तिकीट जमवणाऱ्यांचा मेळावा होता. एका मंगल कार्यालयात टेबलं मांडलेली, त्यावर जगभरची टपाल तिकिटं, आणि टेबलांमागे अशी माणसं की ज्यांच्या घरच्यांनी त्यांना त्या दिवसापुरतं आनंदानं बाहेर पाठवलेलं असावं. आमच्या संग्राहक मंडळाचे अध्यक्ष भागवत सर. तुम्हाला माहीत नसतील. लातूरला एका कॉलेजचे प्राचार्य म्हणून निवृत्त झाले, पण ते त्यांच्या अजून लक्षात आलेलं नाही. गळ्यात बुटाच्या नाडीला भिंग बांधून फिरतात. उद्घाटनाच्या भाषणात त्यांनी माझ्याकडे बघत सांगितलं, की खरा संग्राहक फक्त टपाल तिकिटं जमवतो. प्रदर्शनाची लेबलं जमवणं म्हणजे लग्नात जाऊन पत्रावळी घरी आणणं. टाळ्या पडल्या. मीच लेबलं जमवते हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं.

आता लेबल म्हणजे काय हे तुम्हाला सांगावं लागणार, कारण गेली कित्येक वर्षं मी सांगते आणि तुम्ही मान हलवता. पूर्वी कुठं शेतीचं, कापसाचं, जनावरांचं प्रदर्शन भरायचं तेव्हा त्याची जाहिरात म्हणून तिकिटासारखे चिटोरे छापायचे. मागं डिंक, कडेला दाते, मध्ये चित्र. लोक ते पाकिटावर खऱ्या तिकिटाच्या शेजारी चिकटवायचे. टपालखात्याचा त्याच्याशी काही संबंध नाही, म्हणून त्यावर किंमत नसते. आणि कुणी जपून ठेवत नाही, म्हणून ते तिकिटापेक्षा दुर्मिळ. हे भागवत सरांच्या डोक्यात शिरत नाही. तिथं जागाच नाही.

आपल्या आज्जाच्या बसव्याचं लेबल तुम्हाला आठवत असेल. देवणी वळू, उदगीरच्या प्रदर्शनात पहिला आलेला, आणि पुढच्या वर्षीच्या लेबलावर त्याचं चित्र छापलेलं. आज्जानं एक स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलं होतं. मला कळायला लागलं तेव्हा खरा बसव्या गेला होता, मी फक्त दारावरचा पाहिला. मग अप्पांनी दार हिरवं रंगवलं आणि तोही गेला. तेव्हापासून देवणीत पाटलांकडची माणसं छाती काढून सांगत आलीत की पहिला आलेला वळू त्यांचा होता. त्यांचा वळू तोंडानं पुरा काळा होता, आपल्या बसव्याचा एकच कान काळा. हे आज्जा मरेपर्यंत सांगत होता आणि लोक हो हो म्हणून तंबाखू मळत होते.

तो बसव्या मला नांदेडात दिसला.

सरदारभाई म्हणून जुन्या कागदांचे व्यापारी आहेत. त्यांच्या टेबलाखाली पडेल भावाचं एक खोकं असतं. मोठमोठे संग्राहक टेबलावर वाकतात, मी टेबलाखाली. त्या खोक्यात एका पाकिटाच्या तुकड्यावर, टपालाच्या काळ्या शिक्क्याखाली, आपला वळू उभा होता. खालची 'प्रदर्शन, उदगीर' ही अक्षरं शिक्क्यानं गिळलेली. मी ओळखलं.

स्वस्तात वस्तू कशी घ्यावी याची विद्या माझ्याकडे आहे, आणि ती पुण्यामुंबईच्या संग्राहकांकडेही नाही. जे हवं त्याकडे बघायचं नाही. मी लगेच हंगेरीच्या फुलांच्या तिकिटांचा गठ्ठा उचलला. (हंगेरीनं इतकी फुलं छापलीत की त्या देशात माणसं राहतात की माळी, असा प्रश्न पडावा.) ती फुलं मी उन्हाकडे धरली, हुंगली, घासाघीस केली, आणि घेतलीसुद्धा. मग जाता जाता मी म्हणाले, हा बैलाचा कागदही टाका त्यात. काम झालं होतं अण्णा. सरदारभाईंचा हात पिशवीकडे गेला होता.

तेवढ्यात तुमचे दाजी शेंगा खात आले. वाकून बघितलं आणि अख्ख्या कार्यालयाला ऐकू जाईल असं म्हणाले, "अगं, हा तर तुमचा बसव्या! ह्याच्यासाठी तर जन्मभर फिरून राहिलीस!"

सरदारभाईंचा हात पिशवीवरून मागं आला. त्यांनी लेबल उचललं, फुंकर मारली, आणि जो कागद आत्तापर्यंत खोक्यात लोळत होता तो दोन बोटांत असा धरला जणू हैदराबादच्या खजिन्यातून आलाय. त्यांनी सांगितलेली किंमत मी इथं लिहीत नाही, तुमची साखर वाढेल. मी म्हणाले, एवढ्यात तर खराच वळू येईल. ते शांतपणे म्हणाले, "खरा घ्या ना ताई. त्याला अल्बममध्ये कसं बसवणार?"

मग मी विद्येतला शेवटचा डाव टाकला. पाठ फिरवून चालू लागायचं, मागून हाक येतेच. मी अगदी सावकाश चालले. दारापर्यंत गेले. चप्पल घालायला जितका वेळ लावता येतो तितका लावला. हाक आली नाही. वळून बघते तर भागवत सर त्या टेबलापाशी उभे, भिंग डोळ्याला, आणि सरदारभाई त्यांना पाकीट बांधून देऊन राहिलेले. लग्नातल्या पत्रावळीवाले हे सर! कंधारमार्गे येणाऱ्या एसटीत मी तुमच्या दाजींशी एक शब्द बोलले नाही. यांनी मला शेंगा देऊ केल्या.

पुढच्याच महिन्यात लातूरला मंडळाचं प्रदर्शन होतं. (तुम्हाला निमंत्रण दिलं होतं. तुमच्या घरापासून रिक्षाचं अंतर. तुम्ही आला नाहीत ते बरंच झालं, नाहीतर पुढचं मला लिहायला मिळालं नसतं.) भागवत सरांची चौकट अगदी दर्शनी. मध्यभागी काचेखाली बसव्या, आणि खाली सुंदर अक्षरात पाटी: 'निजामकालीन अतिदुर्मिळ टपाल तिकीट, प्राणी मालिका.' मी दोनदा वाचलं. निजामाचं राज्य गेल्यावर कितीतरी वर्षांनी आपल्या वळूनं बक्षीस घेतलं, आणि सरांनी त्याला मागं नेऊन दरबारात उभं केलं! वर शिक्का पडला म्हणजे तिकीटच, असा त्यांचा तर्क. माझ्या शेजारी उभं राहून त्यांनी ते मला समजावूनही सांगितलं. मला सगळं माहीत होतं. मी फक्त 'वा' म्हणाले. माणूस इतक्या आत्मविश्वासानं खड्ड्याकडे जात असला की मध्ये पडणं असभ्यपणाचं वाटतं.

परीक्षक सोलापूरहून आलेले, मऊ बोलणारे गृहस्थ. ते चौकटीपुढं बराच वेळ थांबले. सर छाती फुगवून बाजूला. परीक्षकांनी एवढंच विचारलं, की सर, या तिकिटावर किंमत कुठं छापली आहे? सरांनी भिंग लावलं. वर बघितलं, खाली बघितलं, शेपटीपाशी बघितलं. मागं जमलेल्या माणसांतून कुणीतरी खोकलं, आणि ते खोकणं हसण्यासारखं वाटलं. परीक्षक तसेच मऊपणानं म्हणाले की हे जाहिरातीचं लेबल असावं, आणि पुढच्या चौकटीकडे गेले. अशा एखाद्या प्रसंगाची मी महिनाभर वाट बघत होते, अण्णा. पण खरं सांगते, सरांनी खिशातून रुमाल काढून ती पाटी स्वतःच्या हातानं सोडवली तेव्हा जितकी मजा यायला हवी होती तितकी आली नाही. थोडी आली.

जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे गेले. ते बाकावर एकटे, डबा न उघडता बसलेले. लेबल द्याल का म्हणून विचारलं. म्हणाले, "घेऊन जा. मघापासून हा बैल माझ्याकडे बघून हसून राहिलाय." बदल्यात काय देऊ विचारलं तर म्हणाले, काहीही. मी पिशवीतून हंगेरीची फुलं काढून दिली. (ती पिशवीतच होती. कुठं सहज टाकून देता येतील म्हणून मी ती बाळगून होते.) मग मी न राहवून विचारलं, की तुम्हाला लेबलांचा एवढा तिटकारा, तर घेतलंत कशाला? ते फुलं बघत म्हणाले, "तुम्हाला पाहिजे होतं म्हणून घेतलं. तुमची नजर चुकत न्हाई, हे मंडळात सगळ्यांना माहीताय. बोलत कुणी न्हाई."

मी म्हणाले, डबा खाऊन घ्या, गार होईल. डबा मुळात गारच होता.

तर असा आपला बसव्या फुकटात घरी आला. जगातले सगळे संग्राहक एकीकडे आणि उदगीरची महादेवी एकीकडे. तुम्ही लहानपणापासून मला 'कागदं वेचणारी' म्हणत आलात. आता सवडीनं या, दिवाणखान्यात बसा, चहा घ्या, आणि कागद बघा. देवणीच्या पाटलांनाही बोलावणार आहे. त्यांना चहा नाही.

पार्वतम्मा वहिनींना पुन्हा नमस्कार. लोणच्याची बरणी धुऊन ठेवली आहे.

तुमची धाकटी बहीण,
महादेवी

ता. क. इतक्यात येऊ नका. वरचं पत्र मी ज्या दिवशी लातूरहून आले त्याच संध्याकाळी लिहिलं. लिहून झाल्यावर लेबल पाकिटाच्या तुकड्यावरून सोडवायला कोमट पाण्यात घातलं. तिकिटं अशीच सोडवतात, हजारो सोडवली असतील. तिकिटाची शाई सरकारी असते, ती पाण्याला भीत नाही. लेबलाची शाई उदगीरच्या कुठल्या छापखान्याची होती देव जाणे. मी चहा टाकून परत आले तर वाटीत निळंकाळं पाणी, आणि तळाशी दाते असलेला एक पांढरा कागद. दाते अगदी शाबूत. हे सगळं एखाद्या नवशिक्यालाही माहीत असतं, लेबल आधी कोपऱ्यावर थेंब टाकून बघावं म्हणून. भागवत सरांना तर नक्की माहीत आहे. त्यांना हे कळता कामा नये. मी वाटी मोरीत ओतायला निघाले होते, तुमच्या दाजींनी ओतू दिली नाही. ती अजून खिडकीत आहे. पाणी आटत चाललंय.

ता. क. २. खरं काम आता लिहिते. यांनी लातूरला मोबाईलवर फोटो काढला होता. त्यात काचेवर ट्यूबलाइट पडलीय आणि तिच्याखाली बैलाचे चार पाय आहेत. भागवत सरांकडे चांगला फोटो असेल, पण त्यांच्याकडे मागण्यापेक्षा मी पाटलांचा वळू कबूल करीन. मी स्वतः ते लेबल हातात धरून दाते मोजले, कडेचा डिंक पाहिला, शिक्क्याची तारीख लावायचा प्रयत्न केला, कागद उजेडात धरला. सगळं सगळं बघितलं आणि बैल बघायचा राहिला. आता डोळे मिटले की कान दिसतो, पण उजवा की डावा ते कळत नाही.

तुम्ही खरा बसव्या पाहिलाय. आज्जानं तुम्हाला त्याच्या पाठीवर बसवलं होतं आणि तुम्ही रडला होतात, असं आई सांगायची. तुमच्या नातीला, पूनमला, चित्र काढता येतं. तिला जवळ बसवा आणि सांगा, ती काढेल. मी कुठल्याही चौकटीत लावणार नाही, कुणाला दाखवणार नाही. काळा कान कोणता, शिंगं पुढं वळलेली की मागं, आणि वरून बघताना तो कसा दिसायचा. फोनवर सांगू नका, फोनवर तुम्ही नुसतं हाव हाव म्हणता. आठवत नसेल तर आठवत नाही असं लिहा, मी काही बोलणार नाही. फक्त अंदाजानं कान काळा करू नका. त्याला पाहिलेलं माणूस आता तुमच्याशिवाय कुणी उरलं नाही.