सुकाणूजवळची फळी

रविवार, संध्याकाळ. तापोळा.

आज शीड लावून होडी पाण्यात गेली. आबा, म्हणजे माझे सासरे, गेल्यापासून ती काठावर कुजत पडली होती. वर्षभर मी आणि माझा नवरा सुरेश तिच्यावर खपलो. तरी आनंद होत नाही. ती फळीच डोळ्यांसमोर येते आहे.

सुकाणूजवळच्या त्या फळीवर आबांच्या पावलांचे दोन खळगे पडले होते. धरणात बुडालेल्या देवळावर होडी आली की ते चपला काढायचे, बसलेल्यांनाही काढायला लावायचे. मी आटपाडीची, दुष्काळी मुलखातली, मला काय कळणार? गेल्या आठवड्यात रंधा मारून मी फळी गुळगुळीत केली. सुरेश एवढंच म्हणाला, "आबा आता कुठं हुबं ऱ्हानार?" मी हसले. का हसले?

आज मधल्या पाण्यात, बरोबर त्या देवळावर, वारा पडला, शीड लोंबलं. पुढे बसलेल्या सुरेशनं चपला काढल्या. सुकाणू माझ्या हातात होतं.

"तू बी काढ," तो म्हणाला.

मी काढल्या आणि फळीवर उभी राहिले. फळी मीच सपाट केली होती. तरी पाय खळग्यांत बसले.

चपला होडीतच राहिल्यात. आणायला जायचा धीर होत नाही.