दुधावाटे गेलेलं

प्रिय मुलालो,

रक्ताचा अहवाल घेऊन नर्स अझवी आली, तेव्हा तू आईशेजारी बसून बाळाला पाजत होतीस. डासांसाठी दरवर्षी आपल्या भिंतींवर फवारतात ते औषध आपल्या दोघी बहिणींच्या रक्तात निघालं, पण माझ्यात तुझ्या तिप्पट.

"एकाच झोपडीत वाढल्या ना दोघी?" आईने विचारलं.

"ते चरबीत साठतं, मावशी. मुलालोने तीन लेकरं पाजली. दुधावाटे थोडं थोडं निघून गेलं."

मला मूल नाही. तुझी भरलेली मांडी बघून मी आधीच जळत होते. आता तर विष द्यायलासुद्धा तुला कुणीतरी होतं. मी बोलून गेले, "वा! स्वतः हलकी झालीस आणि लेकरांत भरलंस!"

तू बाळाला तिथल्या तिथे छातीपासून ओढून काढलंस.

निघताना अझवीने मला फाटकापाशी बजावलं, "तिला सांग, पाजणं सोडू नकोस. बाळाला आईच्या दुधाइतकं चांगलं दुसरं काही नाही." मी ते तुला सांगितलंच नाही. चार दिवस तू त्याला मक्याची पेज भरवतेयस आणि मी कुंपणापलीकडून त्याचं रडणं ऐकतेय. मला बरं वाटत होतं, मुलालो. आज त्याला जुलाब लागले.

समोर येऊन सांगायची लाज वाटली म्हणून लिहायला बसले. पण तू हे वाचेपर्यंत त्याची आणखी एक वेळ दुधावाचून जाईल. कागद इथेच ठेवते आणि येते. मला काय बोलायचं ते नंतर बोल, आधी त्याला पाज.

तुझी थोरली,
न्याद्झानी