सोमवारच्या आधी संपवायचा कोबी

तीर्थस्वरूप ताईस,

धाकटीचा नमस्कार. वाकून केला आहे असंच समज. प्रत्यक्षात टेबलाला टेकून बसले आहे, कारण हल्ली वाकलं की पोट आपलं मत मांडतं. तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला गेला का? देवाच्या दयेने इकडे सगळे खुशाल आहेत (सगळे म्हणजे मी सोडून). कागदाच्या पाठीमागे विजेची जुनी बिलं आहेत, तिकडे बघू नकोस. एक बाजू कोरी असलेला कागद फेकायला माझा हात होत नाही, हे तुला माहीत आहेच.

फोन का केला नाही म्हणून रागावशील. ताई, तुझा फोन कायम स्पीकरवर असतो. मागच्या वेळी मी नुसतं ‘पोट जरा बरं नाही’ एवढंच म्हटलं, तर भावजींनी गरम पाणी प्यायला सांगितलं, तुझ्या सुनेने दही बंद करायला सांगितलं, आणि तिसऱ्याच कुणा बाईंनी (तुमच्याकडे पडदे शिवायला येतात त्या असाव्यात) लांबून ओरडून सांगितलं, “त्यांना म्हणावं दुर्लक्ष करू नका, माझ्या नणंदेचं अस्संच सुरू झालं होतं!” त्या नणंदेचं पुढे काय झालं हे ऐकायच्या आत तू ‘दूध उतू चाललंय’ म्हणून फोन ठेवलास. तुझं दूध वाचलं असेल, पण ती नणंद तेव्हापासून माझ्या उशाशी बसून आहे. म्हणून हे पत्र. पत्र तरी तू एकटीने वाचशील. चष्मा लावून, दार लावून वाच.

तर झालं असं की गेलं वर्षभर माझं पोट माझं राहिलेलंच नाही. जेवले की ढोलासारखं फुगतं, मुरड येते, आणि मग एकतर दिवसभर काही नाही, नाहीतर पळता भुई थोडी. गावातले रस्ते मी आता दुकानांवरून ओळखत नाही, स्वच्छतागृहांवरून ओळखते. बँकेतलं कुलपात असतं आणि किल्ली ज्या शिपायाकडे असते तो नेमका चहाला गेलेला असतो. वाचनालयातलं उत्तम, पण ते दुपारी बंद. कापडवाल्याकडे आहे, मात्र तो गिऱ्हाईक असल्याशिवाय मागच्या खोलीत सोडत नाही, त्यामुळे माझ्याकडे आता इतके हातरुमाल झाले आहेत की घरात कुणालाही सर्दी झाली तरी मी निर्धास्त. प्रार्थनेला जाते तेव्हा शेवटच्या रांगेत, दाराला लागून बसते. परवा प्रवचनकारांनी सगळ्यांसमोर सांगितलं, “या बाई बघा, पुढे जागा असूनही मागे बसतात, याला म्हणतात नम्रता.” सगळ्यांनी माना वळवून पाहिलं, आणि त्याच क्षणी मला उठावं लागलं. स्तुती सहन न होऊन उठले असं त्यांना वाटलं. माझा मान आणखी वाढला. देवाला सगळं ठाऊक आहे, पण तो बिचारा कुणाला सांगत नाही.

शेवटी ह्यांनी धरून डॉक्टरांकडे नेलं. ताई, मी जाताना कपाटाच्या किल्ल्या सुनेकडे देऊन गेले (परत आल्यावर मागून घेतल्या, ते वेगळं). डॉक्टरांच्या टेबलावर प्लास्टिकचं आतडं ठेवलेलं होतं. मॅट्रिकला मी आतड्याची आकृती गुलाबी पेन्सिलीने रंगवली होती आणि बाईंनी वर्गात दाखवली होती. हे आतडं भलत्याच रंगाचं होतं आणि त्याचे मधूनमधून तुकडे निघत होते. डॉक्टर बोलता बोलता एक तुकडा काढून हातात खेळवत होते, आणि मला तो माझाच वाटत होता. रक्त तपासलं, बाकीचंही तपासलं (ती डबी पिशवीत लपवून घेऊन जाताना नेमकी शेजारीण भेटली आणि ‘काय गं, पिशवीत काय नेतेस?’ म्हणाली). सगळे कागद चांगले आले. डॉक्टरांनी पुष्कळ प्रश्न विचारले, मी भराभर उत्तरं दिली, आणि ते म्हणाले, “काही नाही हो, आतडं जरा हळवं आहे. जीवावरचं दुखणं नाही. खाण्यापिण्यात बदल करा, आराम पडेल.” आणि हसले. ताई, डॉक्टर हसले की मला धडकी भरते. ज्याला सांगायचं नसतं तो माणूस हसतो. आतडं हळवं आहे म्हणे! या घरात कुणी हळवं असायची पद्धत नाही, आणि आता माझंच आतडं.

डॉक्टरांनी पुढे एका आहारतज्ज्ञ मुलीकडे पाठवलं. मुलगी आपल्या भाचीच्या वयाची, पण वाघीण. आधी तिने विचारलं, “काकू, तुम्ही जेवता कधी?” म्हटलं, सगळ्यांचं झाल्यावर. “काय जेवता?” म्हटलं, उरेल ते. “किती?” म्हटलं, पातेलं रिकामं होईपर्यंत. “म्हणजे भूक किती आहे हे पातेलं ठरवतं?” इतकी वर्षं मला कुणी हा प्रश्न विचारला नव्हता, पातेल्यानेसुद्धा नाही. मग तिने सांगितलं की काही पदार्थ हळव्या आतड्यात आंबतात आणि वायू करतात. कांदा, लसूण, गहू, दूध, राजमा-चवळीसारखी कडधान्यं, कोबी, सफरचंद, हे सगळं काही आठवडे बंद. पोट निवलं की एकेक परत घ्यायचं, एका वेळी एकच, म्हणजे चोर कोण ते कळेल. आणि थोडं थोडं, वेळेवर, बसून, चावून खायचं. “सोमवारपासून सुरू करा,” ती म्हणाली.

ताई, सगळा घात या ‘सोमवारपासून’ने केला. ती भेट झाली बुधवारी. घरी येऊन कोठीचं दार उघडलं तर समोर कांद्यांची अख्खी टोपली, स्वस्त मिळाला म्हणून घेतलेला भलामोठा कोबी, राजम्याचा डबा, आणि नुकतीच आणलेली सफरचंदं. दूधवाल्याचे पैसे आगाऊ दिलेले. हे सगळं सोमवारनंतर मी खायचं नाही, ह्यांना कोबी नको, मुलगा-सून त्या आठवड्यात बाहेरगावी. मग हे अन्न जायचं कुठे? देवाने दिलेलं अन्न कचऱ्यात टाकून मग त्याच्याचपुढे हात जोडायचे? म्हणून मी ठरवलं की रविवारच्या आत सगळं खाऊन संपवायचं आणि सोमवारी स्वच्छ मनाने सुरुवात करायची. (तू हसत असशील. तू असतीस तर तू कांदे संपवायला मदत केली असतीस, हे मला पक्कं माहीत आहे.)

गुरुवारी कांद्याचं सूप केलं आणि वर दूध प्यायले. शुक्रवारी राजमा. शनिवारी कोबी, दोन्ही वेळा, आणि मधल्या वेळी सफरचंदं. हे म्हणाले, “अगं, शेजारी देऊन टाक की.” म्हटलं, जे मला विष आहे ते शेजारणीला कसं देऊ? “तुला विष आहे ना? मग तू का खातेस?” यावर मी आणखी थोडा कोबी वाढून घेतला. रविवारी सकाळी पोटातून असे आवाज येऊ लागले की हे खिडकीशी जाऊन आभाळ भरून आलंय का बघून आले. दुपारी मी न्हाणीघराच्या फरशीवर बसले होते आणि मला स्वच्छ वाटलं की हीच ती वेळ. दाराबाहेरून ह्यांना सगळं सांगून ठेवलं. गॅसची पावती कुठल्या डब्यात आहे, वाण्याचं किती बाकी आहे, हिवाळी पांघरुणांना ऊन दाखवायला विसरू नका, आणि दुसरं लग्न केलंत तर तिला माझी चांगली पातेली वापरायला देऊ नका. हे बाहेरून शांतपणे म्हणाले, “अगं बाई, तू कोबी खाल्लायस. कोबीने माणूस मरत नाही.” मी आत बसून देवाचं नाव घेत होते, आणि खरं सांगते, नाव घेता घेता मधेच मला आई दिसली. भिंतीला टेकून, पोटाशी उशी धरून बसायची ना, तशी. त्यानंतर मी एक शब्द बोलले नाही. तेव्हा मात्र हे घाबरले आणि दार ठोठावू लागले.

सोमवारी त्या मुलीला फोन करून सांगितलं. मला वाटलं फोन कट झाला. मग कळलं की ती तोंडावर हात धरून हसत होती. “काकू,” म्हणाली, “आजवर माझ्याकडे पथ्य मोडणारे पुष्कळ आले. पथ्य सुरू व्हायच्या आधीच अंगाशी आणणाऱ्या तुम्ही पहिल्या.”

मग मात्र मी नीट पाळलं. भात, बटाटा, गाजर, अंडी, केळं, साधं आणि थोडं. आधी मी माझं ताट वाढून घेते आणि सगळ्यांबरोबर बसते (पहिल्या दिवशी हे इतके दचकले की ‘कुणी पाहुणे येणार आहेत का?’ म्हणून विचारलं). जे खाल्लं ते वहीत जमेच्या बाजूला आणि जे बाहेर पडलं ते खर्चाच्या बाजूला लिहून ती वही त्या मुलीला दाखवली, तर ती लाजली. पण ताई, आराम पडला. फुगणं कमी झालं, मुरड थांबली. एक दिवस तर पोट इतकं शांत होतं की मला भीतीच वाटली. इतकं शांत का? आत काही बंद तर पडलं नाही ना? मी पोटाला हात लावून बसले होते, जसं तापलेल्या मुलाच्या कपाळाला लावतो. मुलीला विचारलं तर ती म्हणाली, “काकू, निम्मं दुखणं तुमच्या घाबरण्याचं आहे. आतडं आणि मन एकमेकांचं ऐकतात.” म्हटलं, मग कुणीतरी एकाने दुसऱ्याला सांगा ना, घाबरू नकोस म्हणून.

आता एकेक पदार्थ परत घेते आहे. दूध घेण्याच्या दिवशी ह्यांना कामावर जाऊ दिलं नाही. कपभर प्यायले आणि समोर बसवून ठेवलं. काही झालं नाही. गहूही थोडा चालतो. कांद्याने मात्र त्याच दिवशी रंग दाखवला. चोर तोच, आणि बहुधा त्याचा साथीदार लसूण. ज्या कांद्याने मला इतकी वर्षं रडवलं तो आतूनही तेच करत होता. पण चोर सापडला हे काय कमी आहे? तेव्हा काळजीचं कारण नाही. सगळं ठीक आहे. भावजींना नमस्कार, सुनेला आशीर्वाद, नातवाला पापा. गुडघ्यांना जप, आणि जिना उतरताना कठडा धर.

तुझी बारकी

ता. क. : तुझ्याकडे पुढच्या महिन्यात येणारच आहे. माझ्यासाठी वेगळं काही करू नकोस. फक्त भाजीत कांदा-लसूण घालायच्या आधी माझ्यापुरती बाजूला काढ, आणि झोपायला मागची खोली दे. ती अंधारी आहे हे माहीत आहे. पण ती न्हाणीघराला लागून आहे.

ता. क. २ : ताई, मुख्य लिहायचं राहिलं. राहिलं नाही, मी लिहीत नव्हते. डॉक्टरांनी विचारलं होतं, “घरात कुणाला आतड्याचा मोठा आजार होता का? आई-वडिलांना?” आणि मी ‘नाही’ म्हटलं. हो म्हटलं असतं तर त्यांनी ती नळी घालून तपासणी करायला लावली असती, आणि मला त्या नळीची नाही, नळीला आत काय दिसेल त्याची भीती वाटली. त्यामुळे ते जे हसून ‘काही नाही’ म्हणाले, ते माझ्या ‘नाही’वरच उभं आहे. पोट बरं वाटतंय तरी मला ते पटत नाही. आईला काय होतं, ताई? माझं बाळ अंगावर होतं, मी आले तेव्हा ती बोलतही नव्हती. सगळे आवाज खाली करून ‘पोटाचं’ एवढंच म्हणायचे, आणि मी कधी विचारलं नाही. तू शेवटपर्यंत जवळ होतीस. तिचंही असंच सुरू झालं होतं का? पुढच्या वर्षी मी तिच्या वयाची होते. फार लिहू नकोस. होतं किंवा नव्हतं, एवढंच लिही.

ता. क. ३ : पाकिटावर पत्ता घालायला दिलं तर ह्यांनी पत्र वाचलं. (सगळं. पातेल्यांचंसुद्धा.) चहा केला, माझ्यासमोर ठेवला, आणि डॉक्टरांकडे फोन करून पुढच्या सोमवारी सकाळची वेळ घेतली. म्हणाले, “खरं सांगू या. काय दिसायचं ते दोघं मिळून बघू.” त्यामुळे ताई, तुझं उत्तर टपालाने यायची वाट बघणं मला जमणार नाही. हे पत्र हाती पडलं की लगेच फोनच कर. स्पीकरवर असला तरी चालेल. आणि त्या पडदे शिवणाऱ्या बाई घरात असतील तर त्यांना थांबवून ठेव. त्यांच्या नणंदेचं पुढे काय झालं, ते मला शेवटपर्यंत ऐकायचं आहे.